दहावीच्या वर्षात भाच्याने शाळेत जाणे सोडले आहे, काय करावे?

धायरीची आत्या
नमस्कार. माझा भाचा यंदा मराठी माध्यमातून दहावीला आहे. गणपतीनंतर दादा आणि वहिनी वेगळे राहू लागले आणि तेव्हापासून त्याची शाळा हळूहळू सुटत गेली. रात्री उशिरापर्यंत मोबाइल, सकाळी दार लावून झोप, आणि शाळेचा विषय निघाला की तो भरल्या ताटावरून उठतो. परवा त्याची विज्ञानाची प्रात्यक्षिक वही पाहिली. सुरुवातीच्या प्रयोगांच्या आकृत्या इतक्या रेखीव आहेत की शिक्षकांनी शेजारी ‘उत्तम’ लिहिले आहे, आणि पुढची सगळी पाने कोरी. बोर्डाचा फॉर्म भरलेला आहे, मात्र हजेरी कमी असल्याचे शाळेने कळवले आहे. दादा म्हणतो, हे वर्ष सोडू आणि पुढच्या वर्षी सतरा नंबरचा फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता खासगी विद्यार्थी म्हणून परीक्षेला बसण्याचा अर्ज, भरू. मला ते पटत नाही, पण त्याच्यावर जबरदस्तीही करवत नाही.

निवृत्त शिक्षिका, सदाशिव पेठ
ताई, भरलेला फॉर्म वाया जाऊ देऊ नका. सतरा नंबरने बसणाऱ्या मुलाला रोज उठून जायला शाळा नसते, आणि तुमच्या भाच्याचा नेमका तोच धागा तुटत आला आहे. दादांनी स्वतः मुख्याध्यापकांना भेटून घरची परिस्थिती मोकळेपणाने सांगावी, कारण गैरहजेरीमागची अडचण कळली नाही तर शाळेच्या लेखी तो केवळ दांडी मारणारा मुलगा राहतो. बहुतेक विषयांत लेखी परीक्षेला ८० आणि शाळेकडे २० गुण असतात, त्यामुळे प्रात्यक्षिके आणि तोंडी परीक्षा बुडू न देणे फार महत्त्वाचे आहे. ती विज्ञानाची वही आधी पूर्ण करून घ्या. ज्या शिक्षकांनी ‘उत्तम’ लिहिले, त्यांनीच त्याला बोलावून घेतले तर तो जाण्याची शक्यता अधिक. एक-दोन विषय राहिलेच तरी एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवण्याच्या सवलतीवर, अकरावीला प्रवेश मिळतो आणि पुरवणी परीक्षाही असते, हे त्याला आजच सांगा. पुष्कळ मुले नापास होण्याच्या भीतीनेच परीक्षेला बसत नाहीत.

एक पालक, कोथरूड
बाईंचे म्हणणे मान्य आहे, पण क्रम मी वेगळा ठेवेन. झोप उलटी झाली आहे, जेवण अर्धवट राहते आहे, तो कोणाशी बोलत नाही. हे आळसाचे लक्षण समजू नका. त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. ससून या सरकारी रुग्णालयातही मानसोपचार विभाग आहे. जगणे नकोसे वाटते का, हे त्याला स्पष्ट शब्दांत विचारा. असे विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरतो, हा गैरसमज आहे. उत्तर होकारार्थी आले किंवा त्याने ते टाळले, तर त्याला एकटे ठेवू नका आणि लगेच मदत घ्या. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते, मराठीतही. आणि वहिनींना यातून वगळू नका. नवरा-बायकोचे पटत नसले तरी दहावीच्या बाबतीत मुलाला दोघांकडून एकच गोष्ट ऐकू आली पाहिजे.

अभ्यासिका चालक, सिंहगड रोड
यंदा खरोखरच जमले नाही, तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचाही (एनआयओएस) विचार करावा. तिथे नोंदणी पाच वर्षे चालते, एकेक विषय सोडवता येतो आणि वर्षातून दोनदा सार्वजनिक परीक्षा होते. मात्र हा मार्ग त्याच्यासमोर आत्ताच ठेवू नका. खचलेला मुलगा आज जे टाळता येईल ते टाळेल.

धायरीची आत्या
सर्वांचे मनापासून आभार. वहिनींशी बोलले, त्या शाळेत यायला तयार आहेत. डॉक्टरांचे पत्र हजेरीसाठी उपयोगी पडेल का?

निवृत्त शिक्षिका, सदाशिव पेठ
ते जरूर न्या आणि मुख्याध्यापकांकडे लेखी अर्जासोबत द्या. हजेरीतील तूट माफ करण्याची विनंती शाळेमार्फतच मंडळाकडे जाते, म्हणून सराव परीक्षेची वाट न पाहता याच आठवड्यात भेट घ्या. त्याला मात्र त्या भेटीला नेऊ नका; मोठ्यांचे बोलणे आधी होऊ द्या.