अंदमानला मुक्काम कुठं करावा: पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक की नील?

टिळकवाडीकर

मंडळी, सहा रात्रींचं अंदमानचं जे ठरीव पॅकेज मिळतं, त्याची आखणी साधारण अशी असते: दोन रात्री पोर्ट ब्लेअर या मुख्य गावात, एक हॅवलॉक बेटावर, एक नील बेटावर, परत दोन पोर्ट ब्लेअर. ही आखणी विकणाऱ्याच्या सोयीची आहे, जाणाऱ्याच्या नव्हे. माझ्या मते पोर्ट ब्लेअरला एक रात्र जाताना, मग हॅवलॉकला सलग तीन, नीलला एक आणि शेवटची परत पोर्ट ब्लेअरला, असा मुक्काम हवा.

कारण दिवसाच्या लांबीत आहे. अंदमान आपल्यापेक्षा बरंच पूर्वेला, पण घड्याळ एकच. डिसेंबरात बेळगावात सूर्य सहानंतर मावळतो, तिथं सव्वापाचच्या आतच. म्हणजे फिरायचा वेळ पहाटे साडेपाच ते संध्याकाळी पाच. आता मुक्काम बदलायचा दिवस धरा. तिथं बऱ्याच हॉटेलांत चेकआउट सकाळी आठ-नऊलाच असतं. बोटीच्या तासभर आधी जेट्टीवर पोचायचं, दीड तासाचा प्रवास, उतरल्यावर गाडी, खोली ताब्यात मिळेपर्यंत दुपार, मग जेवण. उजेडाचे उरतात तीन तास. स्नॉर्कलिंगच्या (नळीनं श्वास घेत पाण्याखालचं बघायच्या) एलिफंट बीचच्या बोटी आणि स्कूबा (हवेची टाकी घेऊन खोल डुबकी), दोन्ही सकाळीच चांगले, कारण तेव्हा पाणी निवळ आणि शांत असतं. हॅवलॉकला एकच रात्र राहिलात तर पदरात काय पडतं? राधानगर बीचवरचा एक सूर्यास्त, आणि सकाळी परत बॅगा बांधणं.

हॅवलॉकमध्येही जागा बघून घ्या. जेट्टी उत्तरेला. तिथून पूर्व किनाऱ्यानं गेलं की गोविंदनगरचा बाजार, पुढं विजयनगर, आणखी पुढं कालापत्थर. राधानगर पार पश्चिमेला, जेट्टीपासून 12 किलोमीटरच्या आसपास. खोली गोविंदनगर-विजयनगर पट्ट्यात घ्यावी आणि राधानगरला दुपारी तीनपर्यंत पोचावं.

शहापूरची अक्का

दादा, तुमचा हिशोब चाळिशीच्या आतल्यांना बरोबर आहे. पण आपल्याकडं सहल म्हणजे आजी-आजोबा, सुना-लेकरं, असा दहा-बारा जणांचा गट असतो. त्यांच्यासाठी चार रात्री पोर्ट ब्लेअरच ठेवा, हॅवलॉकला दोन पुरेत.

पहिलं कारण दवाखाना. गोविंद वल्लभ पंत रुग्णालय पोर्ट ब्लेअरला, सेल्युलर जेलला लागूनच आहे. हॅवलॉकला आरोग्य केंद्र आहे, पण हृदयाचं किंवा मेंदूचं काही झालं तर समुद्र ओलांडूनच यावं लागतं, आणि रात्री नेहमीची बोट नसते. मधुमेह, रक्तदाबाची माणसं बरोबर असतील तर हे आधी बघायचं, बीच नंतर.

दुसरं, बोट. खाजगी वेगवान बोटी बंद आणि वातानुकूलित असतात, उलटीची भावना झाली तर डेकवर जाऊन उभं राहता येत नाही. गोळी डॉक्टरांना विचारून निघायच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायची. मळमळ सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही. जागा खालच्या मजल्यावर, मध्यापासून मागं मागावी, पुढच्या टोकाला हेलकावा जास्त बसतो. आणि भरती-ओहोटीप्रमाणं जेट्टी आणि बोट यांच्या उंचीत फरक पडतो, तिथं गुडघेदुखीच्या माणसाला दोघांनी धरावं लागतं. असा चढउतार सहलीत दोनदा करायचा की तीनदा, हा प्रश्न आहे. नील धरलंत की तीनदा झाला.

पोर्ट ब्लेअरमध्ये जागा अबर्डीन बाजाराच्या आसपास बघा. जेल तिथून जवळ, रॉस बेटाच्या बोटी त्याच अंगाच्या जेट्टीवरून सुटतात, आणि शाकाहारी जेवणाला इडली-डोशापासून थाळीपर्यंत पर्याय पायाखाली. पण गाव चढउताराचं आहे. "बाजारापासून पाच मिनिटं" म्हणजे पाच मिनिटांची चढण असू शकते. लिफ्ट आहे का, रस्त्यापासून स्वागतकक्षापर्यंत पायऱ्या किती, हे फोनवर विचारूनच पैसे भरा. कॉर्बिन्स कोव्ह बीचवरची खोली छान दिसते, पण ते गावाबाहेर. रात्रीच्या जेवणाला हॉटेलवरच अवलंबून राहावं लागतं.

आणि जेल तासाभरात उरकायची जागा नव्हे. 1906 मध्ये बांधून पूर्ण झालेल्या त्या इमारतीच्या सात पाकळ्यांपैकी तीनच उरल्यात. सावरकर तिथं 1911 पासून दहा वर्षं होते. त्यांनाच 1950 मध्ये आपल्या बेळगावच्या कारागृहात स्थानबद्ध ठेवलं होतं, म्हणून आपल्या मुलांना ते नीट दाखवायला हवं. दिवसा कोठड्या, संध्याकाळी ध्वनी-प्रकाश कार्यक्रम, मध्ये आराम. त्याला पोर्ट ब्लेअरची एक पूर्ण रात्र मोकळी लागते.

खानापूर जंगलवाट

अक्कांचं दवाखान्याचं पटलं. पण टिळकवाडीकरांनी विजयनगरला राहायला सांगितलंय, त्याला माझा ठाम विरोध. विजयनगरचा फोटो भरतीचा असतो की! ओहोटीला पाणी लांब मागं सरतं आणि मध्ये उरतो खडक, मेलेलं प्रवाळ आणि गुडघाभर पाण्याची डबकी. त्या प्रवाळानं तळपाय कापला तर जखम लवकर भरत नाही आणि सहलीभर पाण्यात उतरता येत नाही. लहान मुलांना घेऊन समुद्रात डुंबायला जाणाऱ्यानं असा किनारा घ्यायचाच कशाला? राधानगरला तळ वाळूचा आहे, ओहोटीतही पोहता येतं. दोन पैसे जास्त गेले तरी मुक्काम तिथंच करावा, म्हणजे सकाळी गाड्या यायच्या आत अख्खा किनारा मोकळा मिळतो.

टिळकवाडीकर

ओहोटीचं खरं आहे, पण ती टाळता येते. भरती-ओहोटीचा तक्ता मोबाइलवर मिळतो. वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढं सरकते. आज ओहोटी सकाळी दहाला असेल तर परवा पावणेबाराच्या सुमारास. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी जास्तच मागं जातं. मुक्कामाच्या तीन दिवसांत भरती सकाळी सात ते दहामध्ये पडत असेल तर विजयनगर उत्तम, सूर्योदयही खोलीसमोर. बरोबर रबरी बूट ठेवायचे, झालं.

राधानगरला राहणाऱ्याची अडचण संध्याकाळी सुरू होते. सूर्य बुडाला की पाण्यात उतरायचं नाही, सव्वापाचला दिवस संपला. राहायला मोजकी ठिकाणं, जेवण तिथलंच. औषध किंवा पैसे काढायला गोविंदनगरकडंच यायचं, आणि अंधारात गाडी मिळवायला हॉटेलला सांगून ठेवावं लागतं. भाड्याची दुचाकी घेणार असाल तर गोष्ट वेगळी. आणखी एक, राधानगर किनाऱ्याच्याच टोकाचं नील्स कोव्ह (छोटी खाडी) कितीही शांत दिसलं तरी तिथं पोहू नका. खाऱ्या पाण्यातल्या मगरींमुळं तिथं मनाई आहे. राधानगरला 2010 मध्ये मगरीच्या हल्ल्यात एक पर्यटक गेली होती. जीवरक्षक जिथं थांबवेल तिथंच थांबायचं.

खानापूर जंगलवाट

तक्ता बघून खोली घ्यायची तर सुट्टीची तारीख पण तक्त्याप्रमाणं मिळाली पाहिजे की. शाळा भरती बघून सुट्टी देत नाहीत. म्हणून वाळूचा तळ.

निपाणीकर

हॅवलॉकवरून एवढं भांडण, आणि नीलला एक रात्र? उलटं करा. नीलला दोन, हॅवलॉकला दोन. बेट लहान आहे, सायकलवर सगळं होतं. भरतपूर बीच जेट्टीला लागून, लक्ष्मणपूर सूर्यास्ताला, सीतापूर सूर्योदयाला. शेती असल्यानं भाजी तिथली ताजी मिळते, गर्दीही कमी. नीलला एकच रात्र राहणारे हमखास फसतात: नैसर्गिक पुलाचा खडक ओहोटीलाच बघता येतो, तर भरतपूरला प्रवाळ बघायला पाणी भरलेलं लागतं. भरती आणि ओहोटी दोन्ही उजेडात गाठायची तर एक पूर्ण दिवस बेटावर पाहिजे.

सांबरा रोड

जागेवर सगळे बोलताय, तारखेवर कोणी नाही. आपल्याकडं कर्नाटकच्या शाळांना मोठी सुट्टी दसऱ्याची, आणि कोल्हापूर-चंदगडच्या पाहुण्यांना दिवाळीची. एकत्र जायचं म्हणून बरेचजण नाताळ गाठतात. तिन्ही वेळा सारख्या नाहीत. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिथं पाऊस असतो आणि बंगालच्या उपसागरात वादळं होतात. डिसेंबर 2016 मध्ये वरदा वादळाआधीच्या खराब हवेत बोटी बंद पडून शेकडो पर्यटक हॅवलॉक-नीलला अडकले, नौदलाला त्यांना आणावं लागलं. म्हणून दसरा-दिवाळीला जाणाऱ्यानं निपाणीकरांचं ऐकू नये. नील हे बोटीचं एक जास्तीचं ओझं आहे. सोडा ते, आणि शेवटच्या दोन रात्री पोर्ट ब्लेअरला ठेवा. टिळकवाडीकरांची शेवटची एक रात्र नाताळानंतर चालेल, त्याआधी नाही. एक बोट रद्द झाली की विमान गेलंच.

स्कूबा करणाऱ्यांनाही हे लागू आहे. खोल पाण्यात रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो; विमानातल्या कमी दाबात त्याचे बुडबुडे होऊ शकतात. शेवटच्या डुबकीनंतर किमान 18 तास, शहाणपणानं 24 तास विमान नको. म्हणून डुबकी हॅवलॉकच्या पहिल्या सकाळी, शेवटच्या नाही.

बुकिंगचा क्रम: विमान, मग बोट, मग हॉटेल. लोक हॉटेल आधी घेतात आणि नाताळात त्या तारखेची बोट मिळत नाही. संकेतस्थळावर हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप, नील म्हणजे शहीद द्वीप, पोर्ट ब्लेअर म्हणजे श्री विजयपुरम, हे लक्षात ठेवून तारखा तपासा. उतरल्याच दिवशी हॅवलॉक गाठायचं असेल तर विमान आणि बोटीत किमान चार तास ठेवा. आणि बेळगावहून रात्रीच्या रेल्वेनं बेंगळुरूला उतरून त्याच सकाळचं विमान धरू नका; स्टेशनपासून विमानतळ 35 किलोमीटरच्या आसपास, शिवाय सकाळची कोंडी. आदल्या दिवशीच पोचा.

निपाणीकर

ऑक्टोबरपुरतं मान्य. नाताळानंतर मात्र नीलच्या दोन रात्रींवरून मी हटणार नाही.

शहापूरची अक्का

तारखेवरून एक राहिलं. 24 आणि 31 डिसेंबरला बरीच रिसॉर्टं रात्रीचं विशेष जेवण सक्तीचं करतात आणि त्याचे माणशी पैसे खोलीच्या भाड्याबाहेर लावतात. पाच वर्षांवरच्या मुलाला किती, शाकाहाऱ्याला वेगळं काय, हे लेखी मागवा. त्याच पत्रात जनरेटरवर एसी चालतो की फक्त दिवे-पंखे, तेही विचारा, कारण बेटांवर वीज जाते. शेजारच्या दोन खोल्या एकाच मजल्यावर, आणि तोही तळमजला, हे पण लिहून घ्या. तोंडी "हो" सांगितलेलं तिथं पोचल्यावर कोणाला आठवत नाही.