डीएसरेड२ : कंट्रोलच्या अळ्याही लाल दिसतात, मार्कर कसा ओळखायचा?

रसिका_के
ओएक्स५१३ए वाणाचे (जनुक बदललेले, ओळखीची खूण म्हणजे मार्कर म्हणून लाल चमकणारं डीएसरेड२ प्रथिन असलेले) एडिस इजिप्ती डासांचे नर सोडलेल्या पिंजऱ्यातली अंडी उबवून चौथ्या अवस्थेतल्या अळ्या तपासते आहे. कंट्रोलच्या साध्या अळ्यांतही दहात दोन-तीन लाल दिसतात. उत्तेजनाचा फिल्टर ५४५/३०, बघण्यासाठी ५९० लाँगपास (५९० नॅनोमीटरच्या पुढचा सगळा प्रकाश सोडणारा). खाद्य माशांचं, ट्रेमध्ये थोडं शेवाळ आहे. दरवेळी पीसीआर (डीएनएची चाचणी) परवडणार नाही. काय करावं?

अळीमित्र
संशय शेवाळावर घ्या. हरितद्रव्य ६८० नॅनोमीटरच्या आसपास लाल चमकतं आणि लाँगपास ते अडवत नाही. ६२०/६० बँडपास लावा, म्हणजे ५९० ते ६५० एवढाच प्रकाश डोळ्यापर्यंत येईल.

त्याआधी चमक कुठे आहे ते बघा. पोटातून सलग लाल नळी गेलेली दिसली तर ते खाद्य. या वाणात मार्कर अ‍ॅक्टिन५सी प्रमोटरवर (जनुक शरीरात कुठे चालू होईल ते ठरवणाऱ्या डीएनएच्या भागावर) आहे, त्यामुळे तो ठिपक्याठिपक्यांनी अंगभर दिसतो, छातीतही. म्हणून निर्णय छातीवरून घ्या. मेलेल्या अळ्या मोजूच नका, त्या जवळपास प्रत्येक फिल्टरखाली चमकतात. वळवळ थांबवायला बशी बर्फावर ठेवा आणि पाणी एक-दोन थेंबच ठेवा.

जनुकवाचक
वेळ चुकवू नका. या वाणातलं मारक जनुक टेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक दाबून ठेवतं; त्याशिवाय वाढलेल्या या अळ्या बहुतेक कोशाच्या आगेमागे मरतात. प्रौढ निघेपर्यंत थांबलात तर मार्कर असलेल्यांचीच मोजणी कमी भरेल. तिसऱ्या-चौथ्या अवस्थेतच मोजा. सोडलेला नर होमोझायगस (जनुकाच्या दोन्ही प्रतींत मार्कर असलेला) असेल तर साध्या मादीपासून झालेली प्रत्येक अळी चमकायला हवी. एकाच मादीच्या अंड्यांतून निम्म्याच चमकल्या, तर आधी नरांचा साठा तपासा.

३एक्सपी३ प्रमोटरचे वाण मात्र वेगळे. त्यांत चमक डोळ्यांत आणि मज्जासंस्थेत असते आणि काळ्या डोळ्यांच्या प्रौढात रंगद्रव्य ती झाकून टाकतं. ते अळी किंवा कोवळ्या कोशातच बघावेत.

पीसीआर_वाला
सापळ्यात वाळलेल्या प्रौढांची चमक भरवशाची नसते, तिथे पीसीआरच हवा. एका पायाचा डीएनए पुरतो. नुसते डीएसरेड२चे प्राइमर (पीसीआरमध्ये ठरावीक जागी चिकटणारे डीएनएचे छोटे तुकडे) वापरलेत तर मार्कर आहे एवढंच कळतं, वाण कोणता ते नाही. त्यासाठी एक प्राइमर घातलेल्या तुकड्यात आणि दुसरा शेजारच्या डासाच्या जीनोममध्ये बसणारा घ्या. सोबत डासाच्या स्वतःच्या एखाद्या जनुकाची जोडी चालवा. तीही उमटली नाही तर नमुना ‘निगेटिव्ह’ लिहू नका, डीएनए पुन्हा काढा.