ग्रॅनोला बिघडला, सल्ला हवाय

वहिनी: सकाळी सातपासून घरभर जळका वास. पहिल्यांदाच घरी ग्रॅनोला केला, मधात कालवून भाजलेल्या ओट्सचा. ओट्स वरून छान तांबूस झालेत, पण मनुके म्हणजे कोळशाचे खडे! आणि एवढं भाजूनही सगळं मऊच. पाकिटातला कसा कुरकुरीत असतो. कुणी केलाय का?

मावशी: मनुके ओट्सबरोबरच घातलेस ना?

वहिनी: हो मावशी, सगळं एकत्रच कालवलं.

मावशी: तिथेच चुकलं बघ. मनुका म्हणजे निम्म्याहून जास्त साखरच, ओट्स भाजून होईपर्यंत ती करपते. सुकी फळं शेवटी, भाजून झाल्यावर मिसळायची. बदाम, अक्रोड, बिया मात्र ओट्सबरोबर भाजू देत.

दादा: मी खाल्ले दोन. दात शाबूत आहेत.

वहिनी: तू गप्प रे.

मी: वहिनी, मऊ आहे हे बघितलंस कधी? ओव्हनमधून काढल्या काढल्या?

वहिनी: हो, आणि गरम गरमच डब्यात भरला. ऑफिसची घाई.

मी: अगं, गरम असताना तो मऊच लागतो. मध आणि साखर गार होताना कडक होतात, तेव्हा कुरकुरीतपणा येतो. मी पहिल्या वेळी ‘अजून झाला नाही’ म्हणून आणखी दहा मिनिटं ठेवला आणि अख्खा ट्रे कडू करून बसले. तुझ्या डब्यात तर वाफ कोंडली असणार. मनुके वेचून काढ, ट्रेमध्ये पातळ पसर आणि १५० अंशांवर आठ-दहा मिनिटं परत भाज. मग पूर्ण गार होईपर्यंत हात लावू नकोस.

ताई: प्रमाण टाक ना तुझं.

मी: ३ वाट्या जाड ओट्स (झटपट शिजणारे बारीक नकोत, त्यांचा भुगा होतो), १ वाटी बदाम, अक्रोड आणि बिया, पाव वाटी तेल, त्याहून थोडा जास्त मध, अर्धा छोटा चमचा मीठ. मीठ विसरलीस तर चव सपाट लागते. १५० अंश सेल्सियस, २५ ते ३० मिनिटं, मध्ये एकदाच हलवायचं. मोठे गठ्ठे आवडत असतील तर एका अंड्याचा पांढरा बलक फेटून मिसळ, आणि हलवून झाल्यावर उलथन्याने दाबून बसव.

काका: माझ्या हातात आत्ता विकतचं पाकीट आहे. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. यात साखर दुसरी, पुढे ग्लुकोज सिरप, त्याच्यापुढे मध. तिन्ही एकत्र लिहिले असते तर पहिला नंबर कुणाचा आला असता कोण जाणे!

मावशी: म्हणूनच घरी करायचं.

काका: पण मधसुद्धा साखरच, हो. घरचं म्हणून वाडगा भरून खाल्लं तर फरक काय पडला?

मी: काकांचं बरोबर आहे. एका मोठ्या चमचाभर मधात साधारण १७ ग्रॅम साखर असते. घरी करण्याचा फायदा एवढाच की किती घालायचा ते आपल्या हातात. मी तो कमी करत करत निम्म्यावर आणलाय. गठ्ठे कमी होतात, चालतं.

ताई: माझ्याकडे ओव्हनच नाही, मी मुएस्लीवाली. ओट्स-फळांची ती न्याहारी मुळात भाजायचीच नसते. १९०० च्या सुमारास झुरिकचे डॉक्टर बिर्खर-बेनर रुग्णांना द्यायचे, त्यात ओट्स जेमतेम एक मोठा चमचा, भिजवलेले. बाकी सगळं किसलेलं सफरचंद, वर लिंबाचा रस, थोडं कंडेन्स्ड मिल्क आणि सुकामेवा.

काका: म्हणजे पाकिटात मिळते ती बरोब्बर उलटी. ओट्स भरपूर आणि फळाचे चार वाळके तुकडे.

दादा: कॉर्नफ्लेक्स कधी करताय?

मी: ते विकतच आण, दादा. मक्याचे तुकडे शिजवून, थोडे वाळवून, जबरदस्त दाबाच्या रोलरमधून चपटे करून भाजतात. मी एकदा मक्याच्या पिठाचं लाटण्याने करायला गेले, बिस्किटांचा चुरा झाला. शिवाय त्यात बऱ्याचदा लोह आणि ब जीवनसत्त्वं वरून घातलेली असतात, ती घरी कुठून आणणार?

मावशी: पॅनकेक मिक्स मात्र विकत घेऊच नका, त्यात काहीच नसतं! २ वाट्या मैदा, ४ छोटे चमचे बेकिंग पावडर, २ मोठे चमचे साखर, अर्धा छोटा चमचा मीठ. चाळून बरणीत. पावडरऐवजी नुसता सोडा घालू नका, आंबट काही नसेल तर साबणासारखी चव येते. आणि पावडर जुनी असेल तर चमचाभर गरम पाण्यात टाकून बघा, फसफसली नाही तर फेकून द्या.

ताई: मैद्याऐवजी कणीक चालेल?

मावशी: चालेल, पण थोडंच कर आणि फ्रिजमध्ये ठेव. कोंडा-अंकुरासकट दळलेलं पीठ लवकर खवट होतं.

वहिनी: रिपोर्ट! परत भाजला, तासभर गार केला, मस्त कुरकुरीत झालाय. मनुके वेचले, ४३ निघाले.

काका: मोजलेस?

वहिनी: मी नाही, तुमच्या पुतण्याने. खात खात मोजले, म्हणजे जास्तच असतील.