अनुभव हवेत: हॉकीवरचा तुमचा रुसवा कधी सुटला?

माझ्या वडिलांनी सप्टेंबर 2000 मध्ये हॉकी बघणं सोडलं. सिडनी ऑलिंपिकमध्ये पोलंडला हरवलं असतं तर आपण उपांत्य फेरीत होतो. एका गोलने पुढे होतो, सामना संपत आला होता, आणि पोलंडने बरोबरी केली. बाबांनी टीव्ही बंद केला नाही की कुणाला नावं ठेवली नाहीत. नुसते उठले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले.

आमचं घर खडकीचं. बाबा दारूगोळा कारखान्यात होते. धनराज पिल्ले आमच्या खडकीचाच. मोडक्या स्टिका दोरीने बांधून तो कसा खेळायचा, हे आमच्याकडे घरातल्या माणसाची गोष्ट सांगावी तसं सांगत. 1998 मध्ये बँकॉकला त्याच्या संघाने एशियाडचं सुवर्ण आणलं आणि पाठोपाठ त्याच्यासह अर्ध्या डझन खेळाडूंना वगळलं. बाबांच्या मनात अढी बसली ती तेव्हाच. सिडनीने ती घट्ट केली.

मार्च 2008 मध्ये चिलीतल्या सांतियागोला आपण ब्रिटनकडून 0-2 हरलो. 1928 पासून एकही ऑलिंपिक आपल्या हॉकी संघाशिवाय झालं नव्हतं, ते त्या वर्षी होणार होतं. सकाळी मी पेपर घेऊन बाबांसमोर धरला. त्यांनी बातमी वाचली आणि पान उलटलं.

"बाबा, वाईट नाही वाटलं?"

"नाही गं. काहीच नाही वाटलं."

त्या पराभवापेक्षा मला हे जास्त लागलं. ते चिडले असते तर बरं वाटलं असतं.

मग टोकियो ऑलिंपिक. साखळीत ऑस्ट्रेलियाने सात गोल चढवले तेव्हा मीही मनातून हात टेकले होते. पण 1 ऑगस्ट 2021 ला ब्रिटनला 3-1 हरवून आपण उपांत्य फेरीत गेलो. 1972 नंतर पहिल्यांदा! बाबा त्या दिवशी काही बोलले नाहीत, पण रात्री जेवताना विचारलं, "पुढचा कुणाशी आहे?" बेल्जियमशी हरलो, 2-5. मला वाटलं, संपलं.

5 ऑगस्टला सकाळी सातला कांस्यपदकाची लढत. जर्मनी 3-1 पुढे. बाबा दाराच्या चौकटीला टेकून उभे, खांद्यावर ओला पंचा. 3-2 झालं. 3-3 झालं तेव्हा ते खुर्चीच्या कडेवर बसले. 5-3 झालं, मग 5-4. शेवटचे सहा-सात सेकंद उरलेले आणि जर्मनीला पेनल्टी कॉर्नर, म्हणजे गोल करायची मोठी संधी. "आवाज बंद कर," बाबा म्हणाले. मी केला. त्यांनी माझं मनगट धरलं. आपला गोलकीपर श्रीजेशने चेंडू अडवला, सगळे मैदानात धावले, आमच्या घरात मात्र अजिबात आवाज नाही. बाबांच्या बोटांचे वळ दुपारपर्यंत माझ्या हातावर होते.

संध्याकाळी त्यांनी माळ्यावरून स्वतःची जुनी स्टिक काढायला लावली. ग्रिप चिकट होऊन लाकडाला बसली होती. ती त्यांनी नखांनी सोलली, दांडा रॉकेलच्या बोळ्याने पुसला आणि नवी टॉवेलची ग्रिप वेटोळ्यावर वेटोळं चढवत ताणून बसवली. चौऱ्याहत्तराव्या वर्षी. खेळायचं काहीच नव्हतं.

मला तुमच्याकडून हेच ऐकायचं आहे. पदकाचं वर्णन नको, ते सगळ्यांनी पाहिलंय. मन कधी उठलं, आणि बाद फेरीने ते परत कसं गुंतवलं, ते लिहा. महिला संघाबद्दल लिहा. बर्फावरच्या हॉकीचं असेल तर तेही चालेल.

डोंबिवलीहून

ताई, तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा. मी त्यांच्याच वयाचा.

15 मार्च 1975. क्वालालंपूर, विश्वचषकाचा अंतिम सामना, समोर पाकिस्तान. लालबागच्या आमच्या चाळीत जिन्याखाली ट्रान्झिस्टर ठेवला होता आणि वरच्या मजल्यापर्यंत प्रत्येक पायरीवर माणूस. अशोककुमारचा गोल आम्ही कानांनी पाहिला. 2-1! ध्यानचंदांच्या मुलाने विश्वचषक आणून दिला, याहून मोठं सुख मला त्या वयात माहीत नव्हतं.

सात वर्षांनी, 1982 चं दिल्ली एशियाड. आता चाळीत टीव्ही आला होता. परत अंतिम सामना, परत पाकिस्तान. 1-7. चौथ्या गोलनंतर बायका मुलांना घेऊन उठल्या. सातव्यापर्यंत आम्ही पाच-सहा जण उरलो होतो. पण मी दुरावलो तो त्या सात गोलांमुळे नाही. नंतर कित्येक दिवस नाक्यावर आपल्या गोलकीपरबद्दल जे बोललं गेलं, त्याने. सामना विकला म्हणाले, त्याहून वाईटही म्हणाले. मीही त्यात होतो. खोटं कशाला सांगू, दोन वाक्यं माझीही होती. पुढे मला स्वतःचीच शरम वाटायला लागली आणि मी हॉकीचा विषयच टाकून दिला. टोकियोसुद्धा मी पाहिलं नाही.

4 ऑगस्ट 2024, रविवार. पॅरिसची उपांत्यपूर्व फेरी, ब्रिटनशी. आमच्याकडे दुपारचं पान वाढलेलं. सुनेने टीव्ही लावला होता, तिला त्या दिवसांत सगळंच बघायचं होतं, आदल्या गुरुवारी कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेचं पदक झालं होतं ना. दुसरा क्वार्टर सुरू होतो न होतो तोच अमित रोहिदासला लाल कार्ड. उरलेला सगळा सामना दहा जणांनी खेळायचा. मी म्हटलं, झालं, आता आपण सात खाणार. तोंडातून अगदी हाच आकडा गेला.

नाही खाल्ले. हरमनप्रीतने गोल केला, त्यांनी एक फेडला, आणि मग दहा माणसांनी भिंत बांधली. ब्रिटनवाले डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळात, घुसायचे आणि कुणाची तरी स्टिक, कुणाचा तरी पाय, नाहीतर श्रीजेशचं पॅड आडवं यायचं. 1-1. मग शूटआउट, म्हणजे एकेकाने गोलकीपरसमोर जाऊन गोल करायचा. ते 4-2. मी बघितलं तर माझ्या हाताला वरणभात वाळून पापुद्रे धरले होते. ताटावरून मी कधी उठलो मला ठाऊक नाही.

श्रीजेशला सगळे खांद्यावर घेत होते आणि मी त्या 82 च्या गोलकीपरला मनातल्या मनात हात जोडत होतो.

नागपूरहून

वरचे अनुभव वाचून गहिवरून आलं, पण मला एक गोष्ट सांगावीशी वाटते. महिला हॉकीवर कुणी रुसलंसुद्धा नाही. रुसायला आधी बघावं लागतं.

मी शाळेपासून कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापर्यंत खेळले. लेफ्ट हाफ. मुरमाच्या मैदानावर, जिथे चेंडू कधी गुडघ्यावर येईल आणि कधी कपाळावर, सांगता यायचं नाही. टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर, मी आयुष्यात तीनदा पाय ठेवला. एका निवड चाचणीला आम्ही अकरा मुली रात्रभर जनरल डब्यातून गेलो आणि तिथे कळलं की यादी आधीच लागली आहे. परत येताना माझी स्टिक मी मैत्रिणीला दिली. चौदा वर्षं मी हॉकीची बातमी दिसली की बोट पुढे सरकवायचे.

टोकियोत मुली पहिले तिन्ही सामने हरल्या. हॉलंड, जर्मनी, ब्रिटन. मला आश्चर्य नव्हतं. मग आयर्लंडला 1-0, दक्षिण आफ्रिकेला 4-3, त्यात वंदना कटारियाची हॅटट्रिक. आणि बाद फेरीत समोर ऑस्ट्रेलिया. 2 ऑगस्ट, सोमवार सकाळ. माझी घरूनच ऑफिसची मीटिंग चालू, लॅपटॉपच्या कोपऱ्यात फोन टेकवलेला. गुरजित कौरने पेनल्टी कॉर्नरवर गोल केला तो मी पाहिला नाही, नजर स्क्रीन शेअरवर होती. पण उरलेला सामना पाहिला. ऑस्ट्रेलियाला एकामागून एक पेनल्टी कॉर्नर मिळत होते आणि प्रत्येक वेळी आपली गोलकीपर सविता पुनिया खाली वाकून तयार. मला तिच्यापेक्षा बचावासाठी गोलमधून धावत सुटणाऱ्या आपल्या पहिल्या मुलीकडे बघवत नव्हतं. समोरच्यांचा फटका सुटायच्या आत ती चेंडूच्या वाटेत शिरते, गुडघा, पोट, जे लागेल ते. ते काम मी केलंय. मांडीवर चेंडू बसला की कातडी आधी थंड पडते, दुखायला नंतर लागतं. चौदा वर्षांनी मला तो थंडपणा जसाच्या तसा जाणवला. मी कॅमेरा बंद केला आणि रडले.

तो सामना आपण जिंकलो, पण पुढे कांस्यपदक गेलं. ब्रिटनशी 3-4. 0-2 वरून 3-2 केलं होतं पोरींनी! त्या दिवशी सगळा देश त्यांच्यासाठी हळहळला आणि मला वाटलं, आता दिवस बदलले. जानेवारी 2024 मध्ये रांचीला पॅरिसच्या पात्रतेचा शेवटचा सामना होता, जपानशी. 0-1 हरलो. पॅरिसला आपल्या मुली गेल्याच नाहीत. माझ्या ऑफिसात दुसऱ्या दिवशी एकालाही माहीत नव्हतं. मी मात्र परत निघून गेले नाही. आता नाही जाणार.

जयसिंगपूरहून

माझं छोटं आहे. मी एसटीत कंडक्टर. 5 ऑगस्ट 2021, सकाळची पहिली-दुसरी फेरी, गाडीत निम्मीच माणसं, सगळ्यांना मास्क. एका कॉलेजच्या पोराने पुढच्या सीटच्या पाठीला मोबाईल टेकवला होता. मी तिकिटं फाडत तिथेच रेंगाळलो. शेवटच्या पेनल्टी कॉर्नरला रेंज गेली. चित्र थांबलं, चक्र फिरायला लागलं. ड्रायव्हरने आरशात बघून विचारलं, "काय झालं?" कुणालाच सांगता येईना. तेवढ्यात मागच्या सीटवरच्या मावशींच्या मुलाचा फोन आला आणि त्या ओरडल्या, "वाचवला! वाचवला!" हॉकीत गोल कसा मोजतात हेही त्यांना माहीत नसावं. सगळी गाडी टाळ्या वाजवत होती. बाकी माझा रुसवा वगैरे काही नव्हता. लहानपणी ऐकलेलं की हॉकीत आपण राजे होतो, ते त्या दिवशी पहिल्यांदा पटलं.

ठाण्याहून

मला इथे वेगळं लिहावं लागणार आहे.

टोकियोनंतर मी परत आलो होतो. इतका की जानेवारी 2023 मध्ये विश्वचषकासाठी कोणार्क एक्स्प्रेसने भुवनेश्वरला गेलो. कलिंग स्टेडियम गच्च भरलेलं. उपांत्यपूर्व फेरीत जाण्यासाठी न्यूझीलंडला हरवायचं होतं. 2-0 पुढे होतो, 3-1 पुढे होतो. 3-3 झालं. शूटआउट, त्यातही बरोबरी, मग सडन डेथ, म्हणजे एका फेरीत जो चुकेल तो गेला, आणि हरलो. माझ्या पुढे बसलेला एक लहान मुलगा गालावर तिरंगा रंगवून आला होता. त्याने बाहीने गाल पुसला आणि रंग सगळ्या तोंडाला लागला.

येताना गाडीत मी ठरवलं, पुरे. पॅरिसच्या वेळी मी सामने पाहिले नाहीत, निकाल तेवढे पाहिले. कांस्य मिळालं, स्पेनला 2-1. आनंद झाला, पण लांबून. परत जवळ जायची मला भीती वाटते. मी दुरावलो असं म्हणायचं की नाही, मलाच कळत नाही.

एडमंटनहून

बर्फावरच्या हॉकीची परवानगी दिलीत म्हणून लिहितो. मूळचा साताऱ्याचा, कॅनडात 2007 पासून. इथला संघ ऑयलर्स. मी यायच्या आदल्या वर्षी ते स्टॅन्ली कपच्या, म्हणजे इथल्या लीगच्या करंडकाच्या, फायनलचा सातवा सामना हरले होते, आणि त्यानंतर तब्बल दहा मोसम प्लेऑफच, म्हणजे बाद फेरीच, नाही. शेवटचा कप 1990 चा. नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिला क्रमांक पुन्हा पुन्हा मिळायचा, कारण संघ तळाला असायचा. लोकांनी चिडून जर्सी बर्फावर भिरकावलेल्या मी पाहिल्यात. ऑफिसातल्या ज्या मित्राने मला हा खेळ शिकवला, त्याने तर घरचं केबलच काढून टाकलं.

2023-24 ची सुरुवात इतकी वाईट झाली की नोव्हेंबरमध्येच प्रशिक्षक बदलला. आणि तोच संघ जूनमध्ये फायनलला! फ्लोरिडाविरुद्ध पहिले तीन सामने हरले. चार हरले की संपतं. मग चौथा जिंकला, पाचवा जिंकला, 21 जूनला घरचा सहावा 5-1 ने जिंकला. त्या रात्री त्या मित्राबरोबर मी स्टेडियमबाहेरच्या चौकात होतो. इथे जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो. नजर जाईल तिथे भगवा... नारिंगी म्हणायला हवं, पण माझ्या मनात आलं ते भगवाच. मित्राने त्याची 2006 ची जर्सी घातली होती, पोटावर ताणलेली.

सातवा सामना 1-2 ने गेला. 2025 ला परत फायनल, परत फ्लोरिडा, परत हार. ठाणेकर, तुमची भीती मला कळते. मित्राने केबल परत घेतलंय एवढं सांगतो.

डोंबिवलीहून, पुन्हा

नागपूरच्या ताईंसाठी लिहितोय. तुमचं वाचलं तेव्हा ध्यानात आलं की आपल्या मुलींचा एकही सामना मी आजवर पूर्ण पाहिलेला नाही. पंचाहत्तरचं मला मिनिटामिनिटाने सांगता येतं आणि हे नाही.

काल रात्री नातवाकडून रांचीचा तो जपानचा सामना मोबाईलवर शोधून घेतला. जपानचा गोल लवकरच झाला. नंतर आपल्याला पेनल्टी कॉर्नर मिळत गेले, एकही आत जाईना. तुम्ही सांगितलं होतं म्हणून जपानच्या त्या पहिल्या धावणाऱ्या मुलीकडे बघत राहिलो. काय धावते हो! घरात सगळे झोपले होते. निकाल मला माहीत होता, तरी शेवटच्या पाच मिनिटांत मी फोन हातात घेऊन उभा होतो.