वायफायच चालेना, तर ते स्वातंत्र्य घेऊन करू काय?

रात्रपाळी (मूळ पोस्ट)

दाजींचा लॅपटॉप २०१७चा. विंडोज १०चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबले आणि विंडोज ११ त्या प्रोसेसरवर अधिकृतपणे बसत नाही. मी फुशारकी मारली, "दाजी, तासाभरात लिनक्स टाकून देतो, विंडोजच्या जागी चालणारी, कुणालाही वाचता-बदलता येणारी मुक्त सिस्टम."

खिशातल्या पेनड्राइव्हवर डेबियन ११चं (डेबियन हा लिनक्सचाच एक प्रकार) नेटइन्स्ट होतं, म्हणजे आधी नेट जोडून बाकीचं सगळं उतरवून घेणारं. इन्स्टॉलर म्हणाला, वायफाय कार्डाची फर्मवेअर फाइल (कार्डाच्या आत चालणारा छोटा प्रोग्रॅम) नाही, दुसऱ्या पेनड्राइव्हवर असेल तर लावा. नव्हती. म्हटलं, पुढे जाऊ, नंतर बघू. नेट नाही म्हणून डेस्कटॉप उतरलाच नाही. रीस्टार्ट केल्यावर काळा पडदा आणि डाव्या कोपऱ्यात 'लॉगिन' एवढा एकच शब्द. शेजारी बसलेली भाची म्हणाली, "मामा, बिघडवलास का?"

फर्मवेअर आणायला नेट हवं आणि नेट यायला फर्मवेअर. शेवटी फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग केलं, म्हणजे फोनचं नेट लॅपटॉपला दिलं, नेटचा पत्ता मागणारा डीएचक्लायंट हाताने चालवला आणि नॉन-फ्री, म्हणजे मुक्त नसलेल्या सॉफ्टवेअरचा, विभाग चालू करून फर्मवेअर उतरवलं. वायफायचा पासवर्ड नेटवर्कच्या इंटरफेसेस फाइलमध्ये लिहिला आणि मग एक्सएफसीई नावाचा डेस्कटॉप टाकला. डेस्कटॉप आला! पण वायफायच्या चिन्हावर क्लिक केलं तर 'डिव्हाइस नॉट मॅनेज्ड', म्हणजे हे कार्ड माझ्या ताब्यात नाही. रात्रीचे दोन.

माझं मत सरळ आहे. इन्स्टॉलरने पहिल्या पडद्यावर माणसाला नेटवर पोचवलंच पाहिजे. त्यासाठी बंद, म्हणजे कंपनीने आतलं न दाखवलेलं, फर्मवेअर घालावं लागलं तर खुशाल घाला. नवख्या माणसाची परीक्षा घेऊन कुठलं स्वातंत्र्य वाढतं?

फुकट_नव्हे_मुक्त

आधी एक बोलू द्या: चूक पेनड्राइव्हची आहे. फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घालायचं हे डेबियनवाल्यांनी २०२२मध्ये मतदान घेऊन ठरवलं आणि जून २०२३च्या १२व्या आवृत्तीपासून ते आतच असतं. तुम्ही शिळी भाकरी खाऊन आचाऱ्याला शिव्या देताय.

आणि तो निर्णयही मला पटलेला नाही. डेबियनच्या १९९७च्या सोशल कॉन्ट्रॅक्टमध्ये, म्हणजे जाहीरनाम्यात, सिस्टम शंभर टक्के मुक्त ठेवण्याचं वचन होतं. फर्मवेअर हाही प्रोग्रॅमच, फक्त तो वाचता येत नाही. उद्या त्यात भोक सापडलं आणि कंपनीने हात झटकले तर दुरुस्त कोण करणार? आपण सगळंच गोड मानून घेतलं तर कंपन्यांना ते मोकळं करायची गरजच काय? ब्रॉडकॉम या चिप कंपनीने २०१०मध्ये काही वायफाय चिप्ससाठी खुला ड्रायव्हर, म्हणजे सिस्टमला कार्ड चालवायला मदत करणारा प्रोग्रॅम, दिला, तो माझ्या मते आपण अडून बसलो म्हणूनच.

रात्रपाळी

पेनड्राइव्ह जुना, मान्य. पण तुम्हाला तर नवाही नकोच आहे! म्हणजे तुमच्या मनासारखं झालं असतं तर माझ्या भाचीने आजही तोच काळा पडदा पाहिला असता.

ब्रॉडकॉमचं अर्धंच सांगितलंत. ड्रायव्हर खुला झाला, पण त्याला लागणारं फर्मवेअर बंदच राहिलं. आणि ज्या कार्डांचं फर्मवेअर चिपमध्येच भाजून येतं ती तुम्हाला चालतात. तेही बंदच असतं की. फाइल म्हणून दिसलं की विटाळ, चिपमध्ये दडलेलं असलं की सोवळं? मांजर डोळे मिटून दूध पितं तसं झालं हे.

दुकानवाली_सांगली

दुरुस्तीचं दुकान आहे, आठवड्याला दोन-तीन मशीनवर लिनक्स टाकते. तत्त्वाचं तुमचं चालू द्या, आधी त्या 'नॉट मॅनेज्ड'चं सांगते.

इंटरफेसेस फाइलमध्ये वायफायचं नाव लिहिलंत ना? तिथे नाव दिसलं की नेटवर्क मॅनेजर, म्हणजे डेस्कटॉपवरून नेट जोडणारा प्रोग्रॅम, त्या कार्डाला हात लावत नाही, ते दुसऱ्या कुणाचं आहे असं समजतो. एका म्यानात दोन तलवारी. वायफायच्या त्या ओळी काढा, 'लो'ची (मशीनच्या आतल्या आत चालणाऱ्या जोडणीची) ओळ राहू द्या आणि रीस्टार्ट करा.

आता वादाबद्दल. रात्रपाळी, फर्मवेअर आत घातलं की सगळं सुटतं असं समजू नका. फर्मवेअर वेगळं, ड्रायव्हर वेगळा. काही जुन्या कार्डांचा अख्खा ड्रायव्हरच बंद असतो, तो नव्या इन्स्टॉलरमध्येही नाही. तो आपल्या मशीनवर कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, हेडर फाइल आणून बांधावा लागतो. वर सेक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेला ड्रायव्हर कर्नल दारातच अडवतो. मग सहीची आपली किल्ली मशीनमध्ये नोंदवायची. रीस्टार्टला निळा पडदा येतो, दहा सेकंदांत एखादं बटण दाबलं नाही तर निघून जातो. गिऱ्हाईक नेमकं तेव्हा चहा घ्यायला गेलेलं असतं.

म्हणून मी कधीच थेट इन्स्टॉल करत नाही. लाइव्ह पेनड्राइव्हवरून, म्हणजे इन्स्टॉल न करता, मशीन चालू करते, वायफाय, आवाज, झाकण मिटून उघडल्यावर स्क्रीन, एवढं बघते. स्क्रीन काळीच राहिली तर बूटच्या ओळीत नोमोडसेट (ग्राफिक्सची खास सोय बंद ठेवणारा शब्द) टाकून पुन्हा. वायफाय नाही दिसलं तर आधी आरएफकिल (वायफाय बंद आहे का ते दाखवणारी आज्ञा), कारण निम्म्या वेळा बाजूचं बटणच बंद असतं. (विंडोजही ठेवणार असाल तर एक: विंडोजमध्ये घड्याळ साडेपाच तास मागे गेलेलं दिसेल. बॅटरी बदलू नका! लिनक्स आतलं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक वेळेवर, ठेवतं, विंडोज त्यालाच स्थानिक वेळ समजतं.)

फुकट_नव्हे_मुक्त

ताई, तुमच्याच बोलण्यातून माझा मुद्दा निघतो. तो निळा पडदा, ते ड्रायव्हर बांधणं, हे सगळं कशामुळे? बंद ड्रायव्हरमुळे. खुला ड्रायव्हर बहुतेकदा कर्नलमध्येच येतो, मग त्याला ना सहीची कटकट ना हेडरची. एथनाइनके या खुल्या ड्रायव्हरवर चालणारं जुनं पीसीआय कार्ड घ्या, ते फर्मवेअरची फाइलही मागत नाही. लावलं की चालतं.

दुकानवाली_सांगली

खरंय, तशी दोन कार्डं माझ्या ड्रॉवरमध्ये असतातच. पण काही लॅपटॉपच्या बायॉसमध्ये (मशीन सुरू करणाऱ्या आतल्या प्रोग्रॅममध्ये) ठरावीक कार्डांचीच यादी असते, दुसरं लावलं की मशीन चालूच होत नाही. तेव्हा गिऱ्हाइकाला काय सांगू, तत्त्व बायॉसला मान्य नाही?

नोकरीनिमित्त_केरळात

इथल्या सरकारी शाळांत सगळं मुक्त सॉफ्टवेअरवर चालतं. उबुंटू या लिनक्सवरून त्यांनी आपली वेगळी आवृत्ती केली आहे. माझा मुलगा आठवीत आहे, त्याला 'फर्मवेअर' हा शब्द माहीत नाही. ती डोकेदुखी आधीच कुणीतरी वाहिलेली असते. घराघरात एकेकट्या मामाने ती वाहायची, इथेच आपलं चुकतं.

रात्रपाळी

ताई, चार ओळी काढल्या, रीस्टार्ट केलं, चिन्हात घरच्या वायफायचं नाव दिसलं. चार ओळींपायी माझी रात्र गेली.

मुक्तभाऊ, मत बदललेलं नाही, पण तुमच्या त्या कार्डाची किंमत ताईंना विचारणार आहे. आणि एक नवीनच निघालंय: दाजी विचारतायत, प्रिंटर का दिसत नाही?

दुकानवाली_सांगली

मॉडेल नंबर टाका. आणि दाजींना सांगा, आज नाही.