'एलियन'ला मराठीत काय म्हणावं? परग्रहवासी, परका की उपरा?

भाचीला वाचून दाखवायला जॉम्नी सनच्या चित्रकादंबरीचं मराठी करतोय, फक्त घरापुरतं. पुस्तक २०१७ चं. माणसांचा अभ्यास करायला पृथ्वीवर धाडलेला एक एकटा एलियन, आणि इथे त्याला भेटतात ती बहुतेक झाडं नि प्राणी. पुस्तकाच्या नावातच 'एलियन'चं स्पेलिंग मुद्दाम चुकवलंय, मध्ये एक 'बी' घुसडलाय. 'परग्रहवासी' लिहिलं की पाठ्यपुस्तकातला धडा वाटतो. दुसरा शब्द सुचवा. आणि ते चुकीचं स्पेलिंग मराठीत कसं आणू?

*

'परग्रहवासी' मला कधीच पटला नाही. मुंबईवासी मुंबईत राहतो. हा तर इथे येऊन राहिलाय, मग परग्रहवासी कसला? सरळ 'एलियन' ठेवा, पोरांना तोच कळतो.

*

'उपरा' घ्या. पण त्या शब्दाला वजन आहे, हे ध्यानात ठेवून घ्या. पेशवाईतल्या गावात जमीन कसणारे दोन प्रकारचे असत. मिरासदाराचा जमिनीवर वंशपरंपरागत हक्क, आणि उपरी म्हणजे बाहेरून येऊन कराराने कसणारा. उपरी गावातच राही, तेच पाणी पिई, पण मिरास त्याची नाही. पुढे लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'ने (१९८०) हा शब्द भटक्यांच्या जगण्याशी कायमचा जोडला. त्याला १९८१ चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे. त्यामुळे विनोदी पुस्तकात हा शब्द उगाच उधळू नका. 'परका' हलका आहे. 'परक्यासारखा काय वागतोस' असं आपण घरच्याच माणसाला म्हणतो, म्हणून त्यात थोडी माया उरते.

इंग्रजीत 'एलियन' म्हणजे आधी परदेशी माणूस, परग्रहावरचा नंतर. आपल्या घटनेच्या इंग्रजी संहितेत संघसूचीतली १७ वी नोंद पाहा, नागरिकत्वाच्या शेजारी एलियन्स बसलेत. हिरवी कातडी वगैरे काही नाही.

जाता जाता, तो माणसांचं 'निरीक्षण करतो' असं लिहू नका, शाळातपासणीला साहेब आल्यासारखं वाटतं. 'टेहळतो' म्हटलं तर बुरुजावर उभा केलात. 'न्याहाळतो' लिहा.

*

स्पेलिंगचं काम अवघड आहे. मराठीत ऱ्हस्व-दीर्घ चुकवून भागणार नाही. 'माणुस' लिहिलंत तर कोणाला तो परग्रहावरचा वाटेल? आमच्या सोसायटीच्या नोटिसबोर्डावर रोज तसंच लिहितात! बोबडं केलंत तर तो तान्हं बाळ होतो. मी म्हणेन, लिंग चुकवा. 'तो खुर्ची माझ्याशी बोलत नाही.' बाहेरून आलेला माणूस मराठीत नेमका तिथेच अडखळतो, आणि ऐकणाऱ्याला राग येत नाही, हसू येतं.

*

सगळे नामाच्या मागे लागलात. मराठीत परकेपणा सर्वनामात असतो. इंग्रजीच्या एका 'वी'साठी आपल्याकडे दोन शब्द आहेत, 'आम्ही' आणि 'आपण'. 'आम्ही चहाला चाललोय' म्हणजे तुम्ही बसा इथेच. 'आपण चहाला जाऊ' म्हणजे उठा, चप्पल घाला. मी नोकरीला पहिल्यांदा पुण्यात आले तेव्हा ऑफिसातल्या बायका दोन महिने 'आम्ही डबा खायला जातोय' असं सांगून जात. एका दुपारी त्यातली एक सहज म्हणाली, 'चल गं, आपण खाऊन घेऊ.' त्या दिवशी डब्यात काय होतं तेही लक्षात आहे. गवारीची भाजी.

त्यात 'आपण' महाबिलंदर. 'आपण कोठून आलात?' यात तो 'तुम्ही' होतो. मुंबईचा पोऱ्या 'आपण नाय घाबरत कुणाला' म्हणतो, तिथे तो 'मी' होतो. तुमच्या एलियनच्या वहीत या एका शब्दाला चार पानं द्या.

*

मूळ प्रश्नकर्ता: सगळ्यांचे आभार, ताईंचे जास्त. नाव ठरलं, 'आपण सगळेच परके'. 'उपरा' मोहात पाडत होता, पण वरचं वाचून हात आवरला. खुर्चीचं लिंग चुकवलंय. आणि पहिल्या पानापासून तो झाडाशीसुद्धा 'तुम्ही लोक' आणि 'आम्ही' असंच बोलतो, 'आपण' राखून ठेवलाय. काल सात पानं वाचून दाखवली. मध्येच थांबवून भाची म्हणाली, 'मामा, हा त्या झाडाशी एवढा तुटक का बोलतो? भांडण झालंय का त्यांचं?'