ब्लॅकपूल: टॉवर चकाचक, मागच्या गल्ल्यांचं काय?

पावसाळी_पाखरू:
इंग्लंडच्या वायव्येला प्रेस्टनला राहून अकरा वर्षं झाली, घरी पाहुणे आले की ऑक्टोबरात त्यांना जवळच्या ब्लॅकपूल या समुद्रकाठच्या सुट्टीच्या गावातल्या लाइट्स दाखवायला न्यायचं हे ठरलेलंच. यंदा पुण्याहून आत्या आली होती. समुद्राकाठी जवळजवळ दहा किलोमीटर दिवे, पोरांच्या डोक्यावर लुकलुकणारी शिंगं, गरम चिप्सवर ओतलेल्या व्हिनेगरचा वास, मधूनच आगगाडीचं सोंग घेऊन झगमगत जाणारी ट्रॅम, आत्या एकदम खूश. मग गाडी लावली होती तिथे जायला तीन गल्ल्या आत शिरलो आणि गावच बदललं. जुनी गेस्ट हाउसं, एका खिडकीत खोल्या रिकाम्या असल्याची पाटी उन्हाने पांढरी पडलेली, शेजारच्या घराच्या दाराला नऊ बेल, त्यातल्या चारांवर सेलोटेपने चिकटवलेली नावं. आत्या म्हणाली, "अरे ही चाळ आहे का?"

माझं म्हणणं जरा तिखट लागेल पण लिहितोच. तिथल्या कौन्सिलने 2010 मध्ये टॉवर आणि विंटर गार्डन्स हे नाटक-नाचाच्या सभागृहांचं जुनं संकुल विकत घेतलं, जवळजवळ चार कोटी पौंडांना, मग ट्रॅम नवी केली, कॉन्फरन्स सेंटर बांधलं, 2024 ला शोटाउन हे करमणुकीच्या धंद्याचं म्युझियम उघडलं. आणि 2019 च्या सरकारी यादीत इंग्लंडमधल्या सर्वांत वंचित दहा वस्त्यांपैकी आठ या एकट्या गावात! पुरुषांचं सरासरी आयुर्मानही देशात तळाला. दिवाणखान्यात झुंबर आणि माजघर गळतंय अशातली गत. दहा वर्षं नवीन आकर्षणं बंद करा आणि सगळा पैसा त्या घरांत घाला. बोला.

गिरणगावकर:
असहमत, आणि कडक असहमत. ब्लॅकपूलच्या आसपासच्या लँकेशायर परगण्यातल्या कापडगिरण्या उन्हाळ्यात एकेक आठवडा बंद व्हायच्या, वेक्स वीक म्हणायचे त्याला, आणि प्रत्येक गावाचा आठवडा वेगळा. बोल्टनचे लोक परतले की ओल्डहॅमचे हजर, त्यामुळे ब्लॅकपूलच्या खोल्या सीझनभर रिकाम्या राहायच्याच नाहीत. 1846 ला रेल्वे आली, 1894 ला 158 मीटरचा टॉवर उभा राहिला, तो काय लॉर्ड लोकांसाठी नव्हता हो, वर्षभर मागावर उभं राहणाऱ्या बायका-माणसांसाठी होता. माझे आजोबा परळला गिरणीत, त्यांचा वेक्स वीक म्हणजे गणपतीला गावी जाणं. (आणि 1861 ते 65 अमेरिकेत यादवी चालू असताना या लँकेशायरला कापूस मुंबई बंदरातून जायचा, तेव्हा त्यांच्या सुट्टीत आपलाही थोडा हात आहे असं मी बायकोला सांगत असतो.)

तिकडच्या गिरण्या गेल्या, मग उरलेलं गिऱ्हाईक स्वस्त विमानाने स्पेनला गेलं. एवढं होऊनही हे गाव टिकलं ते पाहुण्यांवरच. दुसरा तेवढा मोठा धंदा त्या गावाने कधी केलाच नाही. टॉवरला गंज चढू दिला तर त्या नऊ बेलवाल्यांनी कामाला जायचं कुठे?

केंटची_मावशी:
आमच्या केंटमधलं समुद्रकाठचं मार्गेट बघा मग. 2009 ला लंडनहून फास्ट ट्रेन सुरू झाली, दीड तासात दारात. 2011 ला टर्नर कंटेम्पररी गॅलरी उघडली, टर्नर हा चित्रकार लहानपणी तिथे शाळेत होता आणि पुढे त्याने तिथलं आकाश रंगवलं म्हणून ते नाव. ड्रीमलँड नावाची जुनी जत्रा आहे, तिच्यातली लाकडी सीनिक रेल्वे 1920 ची, गाडीत एक माणूस बसून हाताने ब्रेक लावतो, वळणावर तो किती दाबतो त्याच्यावर तुमचा जीव! तिचा काही भाग 2008 मध्ये जळाला, तरी लोकांनी चळवळ करून ती वाचवली, 2015 ला पार्क पुन्हा उघडला आणि वर्षाच्या आत चालवणारी कंपनी बुडीत निघाली. तरी गाव चाललं, कारण गॅलरी आणि ट्रेन होती.

पण चाललं कोणासाठी ते विचारा. लंडनवाले आले, त्यांना तिथे 'डीएफएल' म्हणतात, म्हणजे लंडनहून खाली उतरलेले. कॉफी छान मिळायला लागली आणि भाडी अशी वाढली की जुने भाडेकरू एकेक करून बाहेर. म्हणजे आकर्षण चाललं नाही तर गाव मरतं आणि चाललं तर गावकरी हलतात. पाखरूशेठ, तुमचा मुद्दा मला निम्मा पटतो तो यासाठी. फक्त ब्लॅकपूल लंडनहून जवळजवळ तीन तास आहे, तिथे डीएफएल यायची एवढ्यात भीती नाही.

हिशेबी_हणमंत:
सगळे टॉवरवर बोलताय, त्या नऊ बेल कुठून आल्या ते कोणी सांगेना. सीझन आखडला, दहा खोल्यांचं गेस्ट हाउस भरेना, मालकाने त्याच खोल्यांत एकेक गॅस शेगडी ठेवून महिन्याच्या भाड्याने द्यायला सुरुवात केली. भाडेकरू गरीब, मग त्याचं भाडं सरकार गरिबांसाठीच्या घरभाडे-मदतीतून भरणार. गिऱ्हाईक शोधायला नको, पलंगपोस बदलायला नको, नाश्त्याला अंडी तळायला नकोत, वर भाड्याची खात्री. खोली जितकी लहान तितका मालकाचा फायदा, मग तो ओल कशाला दुरुस्त करतोय? आणि स्वस्त खोली मिळते म्हणून मँचेस्टर, ग्लासगोहून अडचणीतली माणसं येत राहतात, बरेचदा लहानपणी तिथे सुट्टीला आलेली असतात, तेवढीच एक चांगली आठवण असते.

तर हा पैसा सरकार घालतंयच, चुकीच्या खिशात जातोय एवढंच. कौन्सिलने स्वतःची हाउसिंग कंपनी काढून असली गेस्ट हाउसं घ्यायला आणि नीट फ्लॅट करायला सुरुवात केलीय, ते वाढवा. त्यासाठी म्युझियम बंद कशाला? दोन्हीचे पैसे वेगळ्या पेटीतून येतात, एकीकडचे वाचवले म्हणून दुसरीकडे आपोआप जात नाहीत.

तिखटमीठ:
कसिनो मिळाला असता तर सगळे प्रश्न सुटले असते 😀 2007 मध्ये सरकारी पॅनेलने सुपरकसिनो, म्हणजे देशातल्या एकमेव अवाढव्य कसिनोचा परवाना, मँचेस्टरला दिला, ब्लॅकपूलवाले रडले, आणि मग संसदेत तो प्रस्तावच पडला. तेलही गेलं तूपही गेलं, धुपाटणंसुद्धा कोणाच्या हाती नाही.

पावसाळी_पाखरू:
@हणमंत पेट्या वेगळ्या असतात हे मान्य. 'दहा वर्षं बंद' हे मी वैतागून लिहिलं, मागे घेतो. पण @गिरणगावकर, कामाला जायचं कुठे म्हणता, तर कामाचं स्वरूप बघा ना. आम्ही दोन वर्षांपूर्वी एका हॉटेलात राहिलो होतो, नाव नको, भिंतीला इतकी ओल की वॉलपेपर हाताने सोलता यावा. नाश्ता वाढणारी पोरगी सांगत होती, ऑगस्टमध्ये आठवड्याला पन्नास तास आणि जानेवारीत फोनच येत नाही. आणि त्याच बीचवरच्या गाढवांना काय नियम आहेत माहितीय? दहाच्या आधी काम नाही, संध्याकाळी सातनंतर नाही, मध्ये जेवायला तासभर, आणि शुक्रवारी सुट्टी. लेखी!

गिरणगावकर:
गाढवांचं माहीत होतं, त्या पोरीशी असं शेजारी ठेवून बघितलं नव्हतं. हे लागलं.

तरी एक सांगतो, त्या लाइट्स मुळात सीझन ताणायलाच आहेत. 1879 ला आठ आर्क लँप, म्हणजे तेव्हाचे झगझगीत विजेचे दिवे, लावून सुरुवात, पुढे कल्पना अशी की उन्हाळा संपला तरी लोक यावेत. आधी नोव्हेंबरच्या सुरुवातीला दिवे बंद व्हायचे, 2020 पासून जानेवारीपर्यंत ताणलेत. तुमच्या त्या पोरीला तेवढे दोन महिने जास्त फोन येतात की. आकर्षण हवंच, पण पावसात चालणारं, फेब्रुवारीत चालणारं. शोटाउन त्यातलंच आहे. तुम्ही नेमकं त्यालाच नावं ठेवताय.

केंटची_मावशी:
फेब्रुवारीत खरंच कोणी जातं का पण?

गिरणगावकर:
मी गेलोय. मंगळवार दुपार, बाहेर आडवा पाऊस, टॉवरच्या बॉलरूममध्ये ऑर्गन चालू आणि सत्तरीची जोडपी वॉल्ट्झ करतायत. एका आजींनी नाचायचे बूट पिशवीतून आणले होते, भिजलेले काढून खुर्चीखाली ठेवले, एक फेरी नाचून आल्या, चहा घेतला, परत उठल्या. दर मंगळवारी येतात म्हणे. कुठे राहता विचारलं तर म्हणाल्या, मागच्याच गल्लीत.

पावसाळी_पाखरू:
किती बेल होत्या ते विचारायला हवं होतं.